सोलरवाल्याला रात्र मोजता आली पाहिजे : कुलाब्याच्या आरशांपासून आपल्या वावरातल्या प्लेटांपर्यंत



आमच्या पिंपळगाव राजाच्या शिवारात हल्ली धुऱ्याधुऱ्यावर सोलरच्या प्लेटा दिसतात. नवीन पंप बसला की बघायला चार जण येतात आणि चौघंही एकच विचारतात, "रात्री चालते का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग बॅटरी काऊन नाही देत?"

प्रश्न बरोबर आहे. रात्रीच्या ओलिताचं दुखणं आपल्याला सांगायला नको. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की हरभरा, गव्हाला पाणी द्यायला माणूस थंडीत वावरात जातो. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात टॉर्च. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. ओल्या दांडात पाय कशावर पडेल याचा नेम नाही. घोणस, मण्यार, रानडुक्कर, त्यात ओल्या हाताने सटर दाबणं. घरची बाई तो येईस्तोवर जागीच असते. म्हणून दिवसाची वीज ही आपल्यासाठी चैन नाही, जिवाची गोष्ट आहे.

पण "बॅटरी का नाही" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. त्यासाठी सोलरचा इतिहास बघावा लागतो, आणि तो इतिहास निम्म्याहून जास्त आभाळात घडलेला आहे. म्हणून आजची नोंद लांब आहे. चहा घेऊन बसा.

कुलाब्यातला पंप, १८७८

उन्हावर पंप चालवणं ही कालपरवाची गोष्ट नाही. विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी मुंबईत नोकरीला होता. इथं ऊन एवढं असताना लाकूड आणि कोळसा कशाला जाळायचा, असं त्याला वाटलं. त्याने पुष्कळ सपाट आरसे अर्धगोलात मांडले आणि सगळ्यांचा उजेड एका बॉयलरवर पाडला. त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन फिरवलं आणि मिडल कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात पंप चालवून दाखवला. उष्ण देशात इंधनाच्या जागी उन्हाचा ताप कसा वापरावा, यावर त्याने १८७८ साली पुस्तकही लिहिलं.

म्हणजे आपल्या महाराष्ट्रात सूर्यावर पंप चालला त्याला जवळजवळ दीडशे वर्षं होत आली. पण दिवस मावळला की वाफ बंद आणि पंपही बंद. "रात्री चालते का?" हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

प्लेट जन्मली टेलिफोनसाठी

आज आपल्या वावरात आहे ती वाफेची नव्हे, सिलिकॉनची प्लेट. ती अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९५४ साली जन्मली. चॅपिन, फुलर आणि पीअरसन हे तिघं तिचे कर्ते. गंमत अशी की चॅपिनपुढं अडचण बॅटरीचीच होती. दूरच्या दमट, उष्ण मुलखात टेलिफोनची यंत्रं कोरड्या सेलवर चालत आणि ते सेल तिथं लवकर खराब होत. त्याला पर्याय शोधताना ही प्लेट सापडली. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांची ती वीज करायची.

पण ती इतकी महाग होती की जमिनीवर कोणाला परवडेना. किमतीची पर्वा नसलेलं गिऱ्हाईक एकच मिळालं, ते म्हणजे अवकाश.

बॅटरी मेली, प्लेट जगली

४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला. त्यात फक्त बॅटऱ्या होत्या, प्लेट नव्हती. तीन आठवड्यांत बॅटऱ्या उतरल्या आणि त्याचा आवाज बंद झाला. उपग्रह फिरत होता, पण मुका.

पुढं १७ मार्च १९५८ ला अमेरिकेने व्हॅनगार्ड-१ सोडला. दीड किलो वजनाचा, साडेसोळा सेंटिमीटरचा गोळा. त्यात दोन ट्रान्समीटर होते, एक बॅटरीवर आणि एक सहा छोट्या सौर सेलवर. बॅटरीवाला त्याच वर्षी जूनमध्ये थांबला. सौर सेलवाला १९६४ पर्यंत बोलत राहिला. तो गोळा आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे.

हे बघून कोणीही म्हणेल, झालं, बॅटरी फेकून द्या. पण उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की प्लेटही आंधळी. म्हणून ऑगस्ट १९५९ च्या एक्सप्लोरर-६ मध्ये दोघांची जोडी लावली. प्लेटांचे चार पंख आणि पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या. दिवसा प्लेटने काम करायचं आणि बॅटरीही भरायची, रात्री बॅटरीने गाडी ओढायची. आजही बहुतेक उपग्रहांचं सूत्र हेच आहे.

नव्वद मिनिटांचा दिवस

हे सूत्र हल्लीची पोरंसुद्धा जाणतात. घरोघरी पोरं कॉम्प्युटरवर अवकाशात जगण्याचे खेळ खेळतात. परक्या ग्रहावर एकटा माणूस, हवा संपत आलेली, आणि हवा तयार करायलाही वीज लागते. नवा खेळाडू आधी प्लेटांचा ढीग लावतो. दिवसभर सगळं झकास चालतं. मग रात्र येते, मशीन एकेक बंद पडतात आणि गडी गुदमरतो. दुसऱ्या डावात तो आधी रात्र किती लांब आहे ते मोजतो, तेवढी बॅटरी ठेवतो, आणि ती भरायला किती प्लेटा लागतील ते शेवटी बघतो. हिशोबाचा हा उलटा क्रमच खरा आहे, आणि खऱ्या अवकाशातही तोच चालतो.

पृथ्वीच्या जवळून फिरणारा उपग्रह साधारण ९० मिनिटांत एक फेरी मारतो. त्यातली ३५ मिनिटं अंधाराची. उरलेल्या ५५ मिनिटांत त्याला दीड तासाची वीज कमवायची असते. बॅटरीत भरताना आणि काढताना होणारी गळती धरली, तर चालू कामाला लागते त्याच्या पावणेदोन पट ताकदीची प्लेट लावावी लागते. शिवाय ही उजेड-अंधाराची पाळी वर्षात साडेपाच हजारांहून जास्त वेळा येते. दर वेळी बॅटरी तळापर्यंत उपसली तर ती लवकर मरेल, म्हणून तिच्यातली थोडीच वीज वापरतात. हे थोडं वापरणं ध्यानात ठेवा, पुढं आपल्या जमिनीच्या कामी येणार आहे.

दोन रुपयांच्या नोटेवरचा आर्यभट

जुन्या दोन रुपयांच्या नोटेमागं आर्यभट उपग्रहाचं चित्र होतं, पन्नाशीतल्यांना आठवत असेल. प्रा. यू. आर. राव यांच्या हाताखाली बेंगळुरूजवळच्या पीण्यात तो बनला आणि १९ एप्रिल १९७५ ला रशियन रॉकेटवरून वर गेला. वजन ३६० किलो, अंगावर २६ बाजू, आणि बहुतेक बाजूंवर सौर सेल. त्यातून मिळायची ४६ वॅट वीज, म्हणजे आपल्या छताच्या पंख्याला लागते त्याहूनही कमी.

त्यातले प्रयोग चार दिवसांनी थांबले, कारण वीजपुरवठ्यात बिघाड झाला. यंत्रं शाबूत होती, अडलं ते विजेपाशी. तरी देशाने हात टेकले नाहीत. आपली माणसं त्यातून उपग्रह बनवायला आणि सांभाळायला शिकली.

१९८३ साली इन्सॅट-१बी गेला, तेव्हाही सौर पंखाने घोर लावला. ३० ऑगस्टला उपग्रह सुटला आणि पंख पूर्ण उघडायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. तो उघडला म्हणून गावोगावच्या टीव्हीला चित्रं मिळाली आणि हवामान खात्याला ढगांचे फोटो मिळाले. आज मोबाइलवर ढगांचा नकाशा बघून आपण फवारणी पुढं ढकलतो, त्याचं मूळ तिथं आहे.

इन्सॅटसारखे उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथं वर्षातले बरेच दिवस रात्रच नसते. फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, दिवस-रात्र सारखे असतात त्या आठवड्यांत, ते रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातात. जास्तीत जास्त ७२ मिनिटं. तेवढ्यासाठी बॅटऱ्यांचं वजन वाहून न्यावं लागतं. वर्षभरात काय सरासरी मिळतं याला तिथं किंमत नाही, सगळ्यात वाईट दिवस कसा निघेल ते आधी बघतात.

चंद्रावरची चौदा दिवसांची रात्र

चंद्रावर दिवस आपल्या १४ दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. त्या रात्री थंडी शून्याखाली शंभर अंशांच्याही पुढं उतरते. नोव्हेंबर १९७० मध्ये रशियाने तिथं लुनोखोद नावाची गाडी उतरवली. तिला पातेल्यासारखं झाकण होतं आणि झाकणाच्या आतून सौर सेल. दिवसा झाकण उघडून ऊन घ्यायचं, रात्री लावून घ्यायचं. आत पोलोनियम या किरणोत्सारी धातूची ऊब. शेकोटीजवळ घोंगडी पांघरून बसल्यासारखी ती गाडी रात्र काढायची. अशा तिने दहाएक महिने काढले.

आपलं चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं. विक्रमची सौर ताकद ७३८ वॅट आणि प्रज्ञानची ५० वॅट. अशी ऊब सोबत नव्हती, आणि ठरलेलं काम एका चांद्रदिवसाचंच होतं. ते काम पूर्ण झालं. मग २ सप्टेंबरला प्रज्ञानला आणि ४ सप्टेंबरला विक्रमला झोपवलं. बॅटरी पूर्ण भरून ठेवली आणि प्लेट उगवत्या सूर्याकडं धरून ठेवली, जाग आली तर आली. जाग आली नाही. बॅटरी भरलेली असली तरी एवढ्या थंडीत ती टिकणं अवघड असतं.

मंगळावरची धूळ आणि उतार

मंगळाच्या दोन गाड्यांची गोष्ट आपल्या फार कामाची आहे. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जानेवारी २००४ मध्ये उतरल्या. काम ठरलं होतं ९० दिवसांचं. प्लेटांवर धूळ बसेल आणि गाड्या थांबतील असा अंदाज होता. पण अधूनमधून वारा प्लेटा झाडून जायचा. हिवाळ्यात सूर्य खाली गेला की चालक गाडीला सूर्याकडं तोंड असलेल्या उतारावर नेऊन उभी करायचे, म्हणजे प्लेट आपोआप तिरपी होऊन जास्त ऊन खायची.

२००९ मध्ये स्पिरिट वाळूत रुतली. तिला हिवाळ्यासाठी उतारावर नेता आलं नाही आणि मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही. ऑपॉर्च्युनिटी चौदा वर्षं चालली. जून २०१८ मध्ये धुळीच्या मोठ्या वादळाने दिवसाची रात्र केली, तेव्हा ती थांबली. त्याच वर्षी गेलेलं इनसाइट यान डिसेंबर २०२२ मध्ये धुळीनेच गेलं. प्लेटवर चिकटलेली बारीक धूळ निघावी म्हणून त्याने एकदा स्वतःवर जाड वाळू ओतून घेतली होती. वाऱ्याने वाळू सरकली आणि तिच्यासोबत थोडी धूळही गेली. कोट्यवधी किलोमीटरवरून माणसं प्लेट पुसायचा उपाय शोधत होती, आणि आपल्याकडे वावरात उभ्या प्लेटीवर कपाशीच्या फवारणीचे डाग महिनोन्‌महिने असतात.

आभाळातून वावरात

१९७७ च्या सुमारास सौर सेलचा भाव एका वॅटला ७६ डॉलरच्या आसपास होता. आज तो एका डॉलरच्याही बराच खाली आहे. त्याच १९७७ साली आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने देशातला पहिला सौर सेल बनवला. आणि त्याच साली आफ्रिकेतल्या माली देशात फादर बर्नार्ड व्हेर्सपीरेन या धर्मगुरूने दुष्काळात होरपळलेल्या गावांसाठी सौर पंप बसवायला सुरुवात केली.

आपल्याकडची अलीकडची वाट थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्यात सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या लाईनला दिवसा वीज द्यायची, राळेगणसिद्धी तिच्या सुरुवातीच्या गावांपैकी. नंतर मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना, २०१९ मध्ये केंद्राची पीएम-कुसुम, आणि २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. या शेवटच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात एचपी.

या पंपांना बॅटरी नसते. आता मूळ प्रश्नाकडं येऊ.

बॅटरी लावायचीच ठरवली तर

५ एचपी म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. रात्री आठ तास चालवायचा तर ३० युनिट वीज साठवावी लागेल. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरली तर १.८ युनिट. लेड-ॲसिडची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ०.९ युनिट. भागाकार करा, ३३ बॅटऱ्या झाल्या. मोटार आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली तर चाळीस. त्या भरायला प्लेटा दुप्पट, आणि काही वर्षांनी बॅटऱ्यांचा पूर्ण संच नवा. लिथियमची बॅटरी जास्त टिकते आणि तिचा भाव उतरतो आहे, पण आज तरी मोटारीसाठी ती लहान कास्तकाराच्या आवाक्यात नाही.

उपग्रहाला रात्री वीजच लागते, म्हणून त्याला बॅटरीवाचून गत्यंतर नाही. आपल्या हरभऱ्याला रात्री वीज लागत नाही. त्याला पाणी लागतं, आणि तेही मुळापाशी. मग साठवायचं काय? पाणी.

एका एकराला २५ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, एकास एक उताराचं शेततळं काठोकाठ भरलं तर जवळपास २२ लाख लिटर धरतं. पण त्यातलं पाणी उन्हाळ्यात रोज उडतं, ती या बॅटरीची गळती समजा.

सगळ्यात मोठी बॅटरी तर आपल्या पायाखाली आहे. चांगली काळी जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. दीडशे धरलं तरी एकरी सहा लाख लिटर. कृषीवाले सांगतात की हा ओलावा अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. बॅटरीचाही नियम तोच होता, अर्ध्याखाली उतरवायची नाही! आणि डवरणीला आपले जुने लोक अर्धं पाणी म्हणत, कारण भेगा बुजल्या की ओल उडत नाही. गळती थांबवण्याचाच तो उपाय.

एवढ्या इतिहासातून वावरात काय न्यायचं

एक, हिशोब रात्रीपासून सुरू करा. आपली रात्र म्हणजे सलग ढगाळ दिवस. डिसेंबर-जानेवारीत आभाळ तीन-चार दिवस झाकलं आणि नेमके घाटे भरत असले, तर पाणी कुठून येणार? म्हणून पाळी अगदी टोकाला नेऊ नका. फुलोऱ्याआधीचं आणि घाटे भरतानाचं पाणी जमिनीची ओल बघून दोन-चार दिवस आधीच आटपा.

दोन, प्लेटचा उतार. डिसेंबरात आपल्याकडं दुपारचा सूर्य दक्षिणेला फक्त ४६ अंश वर असतो. सांगाडा हाताने वाकवता येत असेल तर रब्बीत प्लेट २० अंशांवरून ३५ पर्यंत उभी करा. माझ्या हिशोबाने दुपारचं ऊन सात-आठ टक्के जास्त मिळतं. उतारावर चढणारी गाडी हेच करत होती.

तीन, धूळ. सकाळी काच थंड असताना साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका.

चार, सावली. प्लेटा एका ओळीत जोडलेल्या असतात. बाभळीची सावली एकीवर पडली तरी ओळ ढिली पडते. जोडीतला मागं राहणारा बैल वखराची चाल ठरवतो, तसंच हे.

पाच, दुपारी पिकाला पाणी नको असेल तर पंप बंद ठेवू नका. टाकं किंवा शेततळं भरा. मात्र विहिरीचा झरा बघून. विहीर उपसली तर प्लेटा कितीही असोत, हाती काही लागत नाही.

आणि ज्यांच्याकडं अजून रात्रीच्या पाळीवरच ओलीत आहे, त्यांनी बूट, काठी आणि सोबतीला माणूस घेतल्याशिवाय वावरात उतरू नये. पाळी चुकली तर पुन्हा येते.

पुढच्या नोंदीत हरभऱ्याच्या वावरातली ओल हाताने कशी ओळखायची ते लिहीन. राम राम.